बिनलेबलाच्या पुड्यांनी माझे दुखणे कसे झाकले

मी बेळगावची. वय ४६ वर्षे. गेली नऊ वर्षे लांब पल्ल्याची सायकल चालवते, आणि २०० किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा ३०० किलोमीटर वीस तासांत पूर्ण करायच्या ब्रेव्हे राइडमध्ये दरवर्षी भाग घेते. त्यामुळे मांड्या-पोटऱ्या दुखणे मला नवीन नव्हते. कष्टाचे दुखणे एक-दोन दिवसांनी वाढते आणि आठवडाभरात उतरते, हे मी अनुभवाने जाणत होते. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ३०० किलोमीटरच्या राइडनंतर सुरू झालेले दुखणे तीन आठवड्यांनीही तसेच होते, आणि पुढे पुढे तर सायकलला हात न लावताही मांड्या ठणकू लागल्या.

मी सीटची उंची बदलून पाहिली, मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतल्या, मालिश करून घेतली. हिमोग्लोबिन, साखर, युरिक अॅसिड हे नेहमीचे रिपोर्ट व्यवस्थित आले. एका डॉक्टरांनी वयाचे कारण सांगितले, दुसऱ्यांनी सायकल सोडण्याचा सल्ला दिला. दुखणे खरे असूनही कागदावर काहीच दिसत नाही, तेव्हा माणूस एकटा पडतो. अशा वेळी जो कोणी ‘तुमचा त्रास मला कळला’ असे म्हणेल, त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. माझे तसेच झाले.

महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूला एक गृहस्थ गावठी औषध देतात आणि आठवड्यातून दोन दिवस सीमेच्या अलीकडे येऊन बसतात, असे ओळखीच्या एकीने सांगितले. तेथे खानापूरपासून निपाणीपर्यंतची माणसे रांगेत होती. पाचशे रुपये घेऊन त्यांनी माझ्या हातात एका यंत्राची नळी दिली, पडद्यावरच्या रंगीत रेघा पाहिल्या आणि म्हणाले, “अक्का, इतकी वर्षं सायकल मारून रक्तात आम्ल साचलंय, ते स्नायूंत मुरलंय.” व्यायामाने वाढलेले लॅक्टिक आम्ल विश्रांतीनंतर तासाभरात बहुतेक उतरून जाते, वर्षानुवर्षे साचत नाही, हे मी वाचलेले होते. तरीही मी मान डोलावली, कारण एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला कारण सांगत होते.

पंधरा दिवसांच्या पुड्यांचे १८०० रुपये. पुडी साध्या कागदाची, तिच्यावर एक अक्षरही नव्हते. विक्रीच्या आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावरही घटकांची नावे, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे, ही माहिती मला तेव्हा नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दुखणे नाहीसे झाले होते. महिनाभरात मी वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीला जाऊन परत आले, आणि त्या आनंदात आणखी तिघांना त्या पत्त्यावर पाठवले. गेलेल्या पैशांपेक्षा ही गोष्ट मला आजही जास्त सलते.

चार महिन्यांत पुड्यांवर १४,४०० रुपये गेले. या काळात भूक अनावर झाली, झोप उडाली, हातावर जरासे आपटले तरी काळे-निळे डाग पडू लागले. माझा चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसतो, हे प्रथम माझ्या जाऊबाईंच्या लक्षात आले. त्यानंतर मांड्यांतली ताकद जाऊ लागली. वेदना नव्हती, पण जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागे, आणि तवंदी घाटात जिथे मी कधी उतरले नव्हते तिथे सायकल ढकलत न्यावी लागली. एका लग्नासाठी परगावी जाताना पुड्या घरी राहिल्या. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि उभी राहताच मी कोसळले.

बेळगावातल्या डॉक्टरांनी माझा चेहरा पाहून पहिलाच प्रश्न विचारला, “कुठली पुडी घेत होता?” उपाशीपोटी साखर १६८ होती. सकाळी आठ वाजता तपासलेले कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, फारच कमी निघाले. अशा पुडीतून बाहेरचे स्टिरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे थांबवते, आणि मग बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर जिवावर बेतू शकते, असे त्यांनी समजावले. स्टिरॉइड वेदना दाबते, पण दीर्घकाळ घेतल्यास मांडीचे स्नायूच झिजवते. म्हणजे ज्या पायांसाठी मी ते घेत होते, त्याच पायांना ते पोखरत होते. त्यांनी स्टिरॉइडचीच मोजकी मात्रा सुरू करून ती पाच महिन्यांत हळूहळू उतरवली.

मूळ दुखण्याचा शोध त्यानंतर लागला. स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके तपासणी लांब राइडनंतर काही दिवस वाढलेलीच येते, म्हणून एक आठवडा सायकल पूर्ण बंद ठेवून ती केली, तरीही ती जास्तच आली. थायरॉइड ग्रंथी मंदावली की रक्तातला टीएसएच वाढतो, पण स्टिरॉइडमुळे तो दबू शकतो. पहिल्या वेळी तो किंचितच वाढलेला दिसला होता, मात्रा उतरल्यावर मात्र ३८ निघाला. माझी थायरॉइड ग्रंथी मंदावली होती आणि स्नायूंचे दुखणे त्यातूनच आले होते. आता रोज उपाशीपोटी एक लहानशी गोळी घेते. वेदना तीन दिवसांत नव्हे, तीन-चार महिन्यांत ओसरली.

त्या गृहस्थांच्या दोन सूचना मला आता वेगळ्या ऐकू येतात. “औषध चालू असताना रक्त तपासू नका, रिपोर्ट चुकीचे येतात,” आणि “एकही पुडी चुकवू नका, विष उलटतं.” पुडीत काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस या दोन सूचना देणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या दोन पुड्या मी औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रारीसह दिल्या आहेत. अहवाल अजून आलेला नाही. त्या गृहस्थांची बसण्याची जागा तेव्हाच रिकामी झाली होती, आणि सीमेपलीकडे तक्रार करायची तर ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी करावी लागते. तीही मी केली आहे.

मी ज्या तिघांना पाठवले होते, त्यांच्या घरी जाऊन मी सर्व सांगितले. दोघांनी थोडेच दिवस घेऊन सोडले होते. तिसरीचे सासरे गुडघ्यांसाठी सात महिने त्याच पुड्या घेत आहेत आणि ऐकल्याबरोबर त्या फेकून द्यायला निघाले. मी त्यांना थांबवले, कारण एवढ्या महिन्यांनंतर त्या अचानक बंद करणे हाच मोठा धोका आहे. उरलेल्या पुड्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत, आणि येत्या गुरुवारी मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.