चोखला की मारवाडी? लहान कळपासाठी मेंढा निवडताना

इंदूरहून सिमरोळकडे जाताना आमचं शेत लागतं. तिथे 24 गावरान मेंढ्या आहेत. लोकर सुधारायची म्हणून नव्या जातीचा एक मेंढा आणायचं ठरलं, आणि प्रश्न दोन राजस्थानी जातींवर येऊन थांबला. तुमचंही असंच घुटमळत असेल, तर आमचा हिशोब उपयोगी पडेल.

चोखला शेखावाटीचा, म्हणजे चुरू, झुंझुनू, सीकर भागातला. तोंड तांबूस-तपकिरी, अंगावर दाट पांढरी लोकर. गालिच्याच्या लोकरीत हिचा तंतू सगळ्यांत बारीक धरला जातो, साधारण 28 ते 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मारवाडी काळ्या तोंडाचा आणि लांब पायांचा, लोकर जाडीभरडी. मूठभर लोकर हातात घेतली तर कोणीही चोखल्याकडेच वळेल. मीही वळले होते.

पण आपल्याकडचा पावसाळा मध्ये येतो. घाम, उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की पांढरी लोकर पिवळी पडते, आणि हा डाग धुऊनही जात नाही. तिकडे कोरड्या मुलखातसुद्धा पावसाळ्यानंतरच्या, म्हणजे सियाळू कातरणीला हे दिसतं. माळव्यात तर जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. ज्या पांढऱ्या लोकरीसाठी चोखला घ्यायचा, तिची निदान एक कातरण रंगाला मुकणार. शिवाय काळी माती खुरांच्या फटीत चिकटून बसते, खूर सडतात आणि ओल्या गवतावरून पोटात जंत जातात. वाळूत वाढलेल्या जनावराला हे सगळं नवीन असतं.

मारवाडीही वाळवंटाचाच, पण चिवट. जंतांना तोंड देण्याची त्याची ताकद नावाजलेली आहे. राजस्थानातले राईका जमातीचे मेंढपाळ दरवर्षी कळप घेऊन माळव्यात उतरतात, शेतात मेंढरं बसवतात. त्यांत काळी तोंडं किती असतात ते एकदा थांबून बघा. ही जात इथल्या रानात चालते, याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नाही.

दख्खनी या आपल्या महाराष्ट्राकडच्या जातीचा विचारही मनात आला, कारण इंदूरच्या मराठी घरांना घोंगडीची माया जुनी. पण तिची लोकर काळी, राठ आणि वर्षाला किलोच्या आतच. घोंगडी विणणारा ओळखीचा असेल तरच तिच्या वाटेला जा.

माझा कौल मारवाडीला. लहान कळपात भरड लोकरीचा भाव कातरणाऱ्याची मजुरी जेमतेम भरून काढतो. खरं उत्पन्न कोकरं आणि लेंडीखताचं. म्हणून जगणारी कोकरं देणारा मेंढा हवा. घरी सूत काततात, उंच आणि पाणी निथळणारा गोठा आहे, पावसाआधी कातरणी न चुकता होते, अशांनी मात्र चोखला जरूर आणावा. त्या सुताचा मऊपणा मारवाडीत सापडणार नाही.

25-30 मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. दोन वर्षांनी तो बदला, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जाईल. आणल्यावर 21 दिवस वेगळा बांधा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग) यांची लस टोचून घ्या. मेमध्ये आणून ऑगस्टमध्ये कळपात सोडलात तर पाच महिन्यांनी, जानेवारीत, कोकरं होतात. ती दूध सोडेपर्यंत गहू-हरभरा निघालेला असतो आणि चरायला रान मोकळं मिळतं.