गच्चीवर हायड्रोपोनिक्स की माती? जळगावच्या उन्हात दोन्ही वापरून आलेला अनुभव

दिवाळीच्या आधी हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यात झाडं वाढवायचं किट मागवलं, पाईपवालं, ३६ होलचं, पंप, टाकी, खत सगळं धरून साडेसात हजाराच्या आसपास गेले, आणि त्याच गच्चीवर दुसऱ्या बाजूला मातीच्या ग्रो बॅगा आधीपासून होत्याच. म्हणजे ऊन तेच, पाणी तेच, हात पण तेच. हिवाळा आणि आख्खा उन्हाळा काढला, आता पाऊस पण लागलाय, तर लिहायला हरकत नाही. रिव्ह्यू सापडतात ते बहुतेक पुण्या-मुंबईचे नाहीतर बंगलोरचे, मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ च्या वर पारा गेला की त्या पाईपांचं काय होतं हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतेय.

हिवाळ्यात या किटने खरंच मन जिंकलं. पालक मातीतल्यापेक्षा आठ-दहा दिवस तरी आधी कापायला आला, लेट्यूस तर इतका की शेजारी वाटावा लागला, पानाला चिखल नाही, तण नाही. पाणी कमी लागतं हे जे म्हणतात ते खरंय, कारण पाणी पाईपातून फिरून परत टाकीतच येतं, झाडाने प्यायलं आणि उडून गेलं तेवढंच भरायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ही लहान गोष्ट नाही. मेथी-कोथिंबीर मात्र यात लावू नका, ती दाट पेरायची भाजी, एकेका होलमध्ये परवडत नाही, त्यापेक्षा मातीचा पसरट ट्रे बरा.

पाण्याचं आधी बघा, किट नंतर. आमच्या बोअरचं पाणी जड, खत टाकायच्या आधीच टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ८०० च्या वर दाखवतं. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारट-अल्क आहे त्याचा आकडा, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा असतो, पण जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, त्यामुळे आज पीएच डाऊन (पीएच उतरवणारं आम्लाचं द्रावण) टाकून खाली आणला की परवा परत वर. पीएच वर गेला की टाकीत लोह असून झाडाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. त्यावर आरओचं पाणी अर्धं-अर्धं मिसळायला लागले तेव्हा जमलं. आता पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवतेय, ते सगळ्यात भारी.

आता उन्हाळा. या पाईपवाल्या पद्धतीला एनएफटी (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) म्हणतात, ती १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलन कूपर यांनी काचघरातल्या पिकांसाठी बसवली. तिकडे चिंता थंडीची, आपल्याकडे उलटी. मुळांना पाणी १८ ते २४ डिग्रीला मानवतं. मार्च संपता संपता माझ्या टाकीतलं पाणी दुपारी ३४-३५ दाखवायला लागलं, मे मध्ये ३८, आणि तेही शेडनेट लावून, टाकीला ओलं गोणपाट गुंडाळून. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅम असतो तो ३५ ला ७ वर येतो, आणि नेमकं तेव्हाच मुळांना जास्त लागतो. मग मूळकुज. पालकाचं एक रोप उपसून पाहिलं, पांढरी मुळं तपकिरी झालेली, बुळबुळीत, वास मारणारी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. सासूबाई यावलकडच्या, बघून एवढंच म्हणाल्या, "मुया शिजल्या ना वं बाई."

आणि लाईट. पाईपात पाण्याचा पातळ थर वाहतो, बस, शिल्लक काही नसतं. हिवाळ्यात दोन तास लाईट गेली तर निभतं, एप्रिलच्या दुपारी अर्ध्या-पाऊण तासात झाडं माना टाकतात. इन्व्हर्टरवर पंप चालतो, पण दुपारी घरी कोणीतरी पाहिजे. ज्यांना पंपच नको त्यांनी अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या क्रॅटकी यांची पद्धत बघा, झाकणाची बादली, खताचं पाणी, वर नेटपॉट (जाळीची छोटी कुंडी), पाणी उतरत जातं तशी वरची मुळं हवेत राहतात, वीज लागतच नाही. पालक-लेट्यूसला छान चालते, पण तीही थंडीतच, मे मध्ये बादलीतलं पाणीही तापणारच.

त्याच मे मध्ये मातीतली भरताची वांगी उभी होती. दुपारी पानं लोंबायची पण संध्याकाळी पाणी दिलं की परत ताठ. मात्र नुसती काळी माती बॅगेत भरू नका, वाळली की आवळते, कडेने भेग पडते आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं, मूळ कोरडंच. मी एक भाग काळी, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर निंबोळी पेंड घेते, वर केळीच्या वाळलेल्या पानांचा वीतभर थर. पानं तर आपल्याकडे फुकट मिळतात. भर दुपारी तो थर बाजूला करून बोट घातलं तर आत ओल आणि गारवा असतो, हे हातानेच करून बघा म्हणजे पटेल. ड्रिपचं सामान जळगावात कुठल्याही दुकानात मिळतं, टायमर लावला की सकाळ-संध्याकाळची हजेरी पण वाचते.

मातीचा त्रासही आहे. पिठ्या ढेकूण मिरचीवर आला तो निंबोळी अर्क मारून मारून आटोक्यात आला, गेला नाही. वजन तर फारच, ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते, म्हणून मोठ्या बॅगा बीमच्या वर किंवा भिंतीच्या कडेलाच ठेवा आणि जुनी गच्ची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. इथे हायड्रोपोनिक्स सरळ सरळ जिंकतं.

माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे फक्त खिडकी किंवा लहान बाल्कनी आहे, सावली आहे, त्यांनी पालेभाजीसाठी छोटं किट खुशाल घ्यावं. उघडी गच्ची असेल तर पैसा आधी शेडनेट, माती आणि ड्रिपमध्ये घाला, किट नंतर. वांगी, मिरची, गिलकी मातीतच. हायड्रोपोनिक्सवर टोमॅटो होतो, मोठमोठे लोक करतात, पण त्याला जास्त तीव्रतेचं खत, मोठी टाकी, आधार, सगळंच वेगळं लागतं, या ३६ होलवाल्याचं ते काम नाही.

माझं किट मी मे मध्येच धुऊन, पाईप सुकवून माळ्यावर टाकलंय, दसऱ्यानंतर परत काढणार. टाकी यावेळी पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत, उत्तरेच्या भिंतीला ठेवायची आणि फेब्रुवारीअखेर बंद करायचं. कोणी जळगाव-धुळ्याकडे मे मध्ये पाणी ३० च्या खाली ठेवून दाखवलं असेल, चिलर न लावता, तर कसं केलं ते खाली नक्की लिहा, मला खरंच हवंय.