स्नूकर, पूल की थ्री-कुशन: कोणत्या टेबलाशी तुमचं जमेल?

क्यू (बॉल मारायची काठी) हातात घ्यायचं ठरलं की कोणता खेळ सोपा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर फारसं उपयोगी पडत नाही. कोणती चूक आपल्याला सोसवेल, हे विचारावं. हे तिन्ही खेळ चुकीची शिक्षा वेगवेगळ्या जागी देतात, आणि महिनोन्महिने सोसायची असते ती शिक्षाच.

स्नूकरमध्ये ती पॉकेटच्या तोंडाशी मिळते. खेळायची जागा साधारण 3.57 बाय 1.78 मीटर, बॉल 52.5 मिलिमीटरचे आणि पॉकेटच्या कडा गोलवट. पूलच्या पॉकेटच्या कडा टोकदार कापलेल्या असतात, तिथे कडेला घासलेला बॉलही बऱ्याचदा आत घरंगळतो. स्नूकरमध्ये तोच बॉल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटतो, हेलकावतो आणि तोंडातच बसतो, समोरच्याला आयता. जोर जास्त असेल तर तोंडातही थांबत नाही, थेट बाहेर. शिवाय कापडाला लव असते, बॉल्ककडून (खेळ सुरू करतात ते टोक) ब्लॅकच्या दिशेने बसवलेली. मधल्या पॉकेटकडे हळूच सोडलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात लवेच्या दिशेला सरकतो. नेम बरोबर होता, वेग चुकला, हे नवशिक्याला उशिरा कळतं.

गुणांचा हिशेबही कडक आहे. एक लाल, मग एक रंग, अशा क्रमाने 15 लाल संपवायचे. प्रत्येक लालनंतर सर्वात जास्त गुणांचा ब्लॅक घेतला आणि मग रंगही साफ केले, तर 147. शेवटच्या सहा रंगांचे मिळून 27. म्हणून फक्त रंग उरले असताना तुम्ही 28 ने मागे असाल, तर नुसते पॉट करून, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालून, भागत नाही. पांढरा बॉल आडोशाला लपवून समोरच्याकडून फाउल काढावा लागतो. फाउलचे किमान 4 गुण मिळतात. या लपाछपीत ज्याला मजा येते, तोच स्नूकरमध्ये टिकतो. ज्याला खुर्चीत बसून समोरच्याचा ब्रेक, म्हणजे सलग पॉटची मालिका, बघणं असह्य होतं, त्याने विचार करावा.

हा खेळ 1875 च्या सुमारास जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये आकाराला आला आणि मेसची शिस्त त्याला आजही चिकटून आहे: वेस्टकोट, शांतता, आणि पंचांच्या नजरेतून सुटलेला फाउल स्वतःहून सांगणं. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये 1977 पासून जागतिक स्पर्धा होते, ती याच वळणाची.

पूलमध्ये बॉल लवकर जायला लागतात. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा 2.54 बाय 1.27 मीटर, बॉल 57.15 मिलिमीटरचे. पण म्हणून पूल सोपा म्हणणाऱ्याने एट-बॉलचा (प्रत्येकाचे सात बॉल, मग आठ नंबरचा) एक रॅक, म्हणजे एक डाव, नीट पाहावा. नवखा खेळाडू आपले पाच सोपे बॉल झपाट्याने घालतो. उरलेले दोन एकमेकांना चिकटलेले. आता टेबलावरची गर्दी कमी झालीय, आणि मार्ग मोकळा झालाय तो समोरच्याचा, त्याचे सातही बॉल सुटे आहेत. जाणता खेळाडू त्या चिकटलेल्या जोडीकडे आधी बघतो. ती फोडायला कोणता बॉल वापरायचा ते ठरवतो, आणि ते जमणार नसेल तर सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा फटका, खेळतो. इथे शिक्षा क्रमाची आहे. नाइन-बॉलमध्ये तर क्रम नियमातच आहे: सर्वात कमी आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श. तो चुकला की बॉल इन हँड, म्हणजे समोरचा पांढरा बॉल हवा तिथे ठेवतो. जाणत्या खेळाडूसमोर असा एक फाउल म्हणजे बहुधा पूर्ण रॅक गेला.

ब्रेक (डावाचा पहिला फटका) फसला तर आधी रॅक, म्हणजे बॉलची मांडणी, तपासा. पुढचा बॉल आणि त्याच्या मागचे दोन यांच्यात केसाएवढी फट असली तरी ताकद तिथेच मरते.

पूलचं वातावरण मोकळं, थोडं जुगारी. रेस किती रॅकची (म्हणजे किती डाव आधी जिंकायचे), कमकुवत खेळाडूला किती सवलत, हे आधीच घासाघीस करून ठरतं. बारमध्ये जिंकणारा टेबलावर राहतो. नियमही जागेगणिक बदलतात: फाउलला दोन शॉट की बॉल इन हँड, हे पहिल्या ब्रेकआधी विचारून घ्यावं, नाहीतर भांडण ठरलेलं. फिलिपिन्समध्ये अशाच पैजेच्या खेळातून घडलेले एफ्रेन रेयेस 1999 मध्ये नाइन-बॉलचे विश्वविजेते झाले.

थ्री-कुशनला पॉकेटच नाही. टेबल 2.84 बाय 1.42 मीटर, खालची पाटी गरम ठेवलेली, म्हणजे कापड कोरडं राहतं आणि 61.5 मिलिमीटरचे जड बॉल लांब धावतात. आपल्या बॉलने बाकीच्या दोन्ही बॉलना लागायचं, आणि त्यातल्या दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीन कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, घ्यायच्या. जमलं तर एक गुण, नाहीतर पाळी गेली. शिक्षा इथे सुरुवातीलाच आणि सतत: पाच-सहा पाळ्या कोऱ्या जाणं नवशिक्याला नेहमीचं आहे. दर पाळीला सरासरी एक गुण काढणारा क्लबात जबर मानला जातो.

भरपाई म्हणून गणित मिळतं. कडेवरच्या डायमंड खुणांना आकडे असतात. सुरुवातीच्या जागेचा आकडा वजा तिसऱ्या कुशनवर जिथे पोचायचं तो आकडा, म्हणजे पहिल्या कुशनवरचा नेम. कोपऱ्यातून, 50 वरून निघून 20 वर पोचायचं तर 30 वर मारा, रनिंग साइड (बॉल ज्या दिशेला जातो त्याच दिशेची फिरकी) देऊन. साइड कमी पडली किंवा कापड नवं असलं की उत्तर सरकतं, म्हणून हे खेळाडू आधी दोन-चार शॉट मारून टेबल चाचपतात.

इथली संस्कृती हिशेबी पण समतेची. बेल्जियम-नेदरलँड्सच्या क्लबांत प्रत्येकाचं लक्ष्य त्याच्या सरासरीवरून ठरतं, त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच सामन्यात खरे प्रतिस्पर्धी असतात. कोरियात प्रत्येक खेळाडूला त्याच्या वकुबाचा आकडा असतो आणि हरणाऱ्याने टेबलाचं भाडं द्यायचं, ही रीत सर्वमान्य.

इंग्लिश बिलियर्ड्स आणि रशियन पिरॅमिड यांना इथे फार जागा नाही. बिलियर्ड्स स्नूकरच्याच टेबलावर तीन बॉलने खेळतात. पांढऱ्या बॉलवर ताबा शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पण जोडीदार मिळणं कठीण. पिरॅमिडमध्ये 68 मिलिमीटरचा बॉल जेमतेम 72-73 मिलिमीटरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमधून घालायचा असतो. स्नूकर अवघड वाटणाऱ्याने तिकडे फिरकूच नये.

क्यू खेळ ठरल्यावरच घ्या. स्नूकरची टिप (क्यूचं टोक) 9 ते 10 मिलिमीटर, पूलची 12 ते 13. जाड टिपने स्नूकरच्या लहान बॉलवर मध्य नीट दिसत नाही, नकळत साइड लागते आणि लांबचा पॉट चुकतो. उलट, बारीक टोकाच्या स्नूकर क्यूने पूलचा ब्रेक मारत राहिलात तर टिप पसरते, शाफ्टवरही ताण येतो. दोन्ही खेळायचे असतील तर पूलच्या ब्रेकसाठी क्लबातला जुना क्यू वापरा.

अजून ठरत नसेल तर तिन्ही टेबलांवर एकेक तास एकट्याने घालवा. स्नूकरवर ब्लू स्पॉटवरून (टेबलाच्या मध्यावरून) कोपऱ्यात सरळ पॉट, पूलवर बॉल इन हँड घेऊन तीन बॉल ओळीने साफ करणं, थ्री-कुशनवर सुरुवातीचाच शॉट पुन्हा पुन्हा. बॉल किती गेले ते मोजू नका. चुकल्यावर कोणत्या टेबलावर तोच शॉट परत मांडावासा वाटला, ते बघा.