गायरीतलं शेणखत की गोबरगॅसची स्लरी? कोकणात कशाला काय घालावं

गोबरगॅस बसवायचा विचार करणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडतात, सगळं शेण टाकीत गेलं तर शेताला काय घालायचं? तर शेण टाकीत गेलं म्हणून खत कमी होत नाही. गॅस होऊन जातो तो मुख्यतः कार्बन, नत्र-स्फुरद-पालाश जवळपास सगळं स्लरीतून, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणकाल्यातून, बाहेर येतं. पण स्लरी म्हणजे शेणाच्या तिप्पट ताकद असं जे सांगतात तेही खरं नाही, टाकी नवीन नत्र तयार करत नाही. वाळलेल्या स्लरीत दीड-दोन टक्के नत्र असतं आणि गायरीतल्या, म्हणजे शेणाच्या उकिरड्यातल्या, खतात अर्धा टक्का, हे आकडे शेजारी ठेवले की फरक मोठा दिसतो, पण बादलीत येते ती ओली स्लरी आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं.

साधा हिशोब करून बघा. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्या शेणात नत्र साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीमागे १२ ते १५ ग्रॅम. मोठ्या नारळाला वर्षाला एक किलो नत्र द्यायची शिफारस आहे, ते नुसत्या स्लरीतून द्यायचं तर एका माडाला ७०-८० बादल्या झाल्या. अख्ख्या वर्षाचं नत्र धरलं तरी युरियाच्या दोन-अडीच गोण्यांएवढं भरतं आणि ४५ किलोची गोणी सरकारी दराने २७० रुपयांच्या आत मिळते. त्यामुळे युरियाचे पैसे वाचतील एवढ्याच हिशोबाने कोणी प्लांट घेत असेल तर घेऊ नका. स्वयंपाकाचा गॅस आणि जमिनीत जाणारं सेंद्रिय हे धरून बघा, जांभ्याच्या मातीत युरिया कितीही ओतला तरी ती पाणी धरून ठेवत नाही, सेंद्रिय घातलं की धरते.

आता गायरी. आपल्याकडे शेण वर्षभर उघड्यावर पडतं, उन्हात त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि मग तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस त्याच ढिगावरून वाहतो. मे महिन्यात आपण शेतात टाकतो ते खत दिसायला काळं भुसभुशीत असतं पण नत्राचा मोठा हिस्सा तोवर गेलेला असतो. आणि मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. गायरी उपसताना खालच्या थरात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या सापडतात बघा, तपकिरी डोक्याच्या. त्यातल्या बऱ्याच गेंड्या भुंग्याच्या असतात, तोच भुंगा जो माडाचा कोंब पोखरतो आणि नंतर झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कापलेली उघडते. आपण एका बाजूला माडाच्या शेंड्यात औषध घालतो आणि दुसऱ्या बाजूला घरामागेच भुंग्याची पैदास करतो! शेण रोजच्या रोज बंद टाकीत गेलं तर भुंग्याला अंडी घालायला ती जागा राहत नाही, तणाचं बीही बरंच मरतं, माश्या आणि वास कमी होतो. आगर, म्हणजे माड-सुपारीची बाग, असलेल्या माणसाने प्लांट घ्यायला माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे. फक्त बाहेर आलेली स्लरी ढीग लावून महिनोन् महिने ठेवली तर त्या ढिगातही भुंगा येणार.

स्लरीचं मोठं बळ म्हणजे तिच्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र अमोनियाच्या रूपात असतं, झाडाला लगेच मिळतं. आणि तिची अडचणही तीच, उघडी पडली की तेच नत्र आधी उडतं. स्लरी उन्हात वाळवून गोणीत भरणारे लोक बघितले की जीव हळहळतो, निम्मा फायदा अंगणातच सोडलेला असतो. ओलीच वापरा, आंबोळीच्या पिठाएवढी दाट असली तर तेवढंच पाणी घालून, आळ्यात ओतून वर माती किंवा पातेरा, म्हणजे सुकलेला पाला, ओढा. केळी, सुपारी, माड, मिरची-वांगी, म्हणजे ज्यांना आपण उन्हाळाभर पाणी देतोच त्यांना स्लरीसारखं दुसरं काही नाही. कोथिंबीर-मुळा असं कच्चं खायचं पीक असेल तर मात्र उभ्या पिकावर नको, टाकीतल्या उष्णतेने सगळे रोगजंतू मरत नाहीत.

हापूसवाल्यांनी जरा थांबा. उत्पादन देणाऱ्या कलमांना खत द्यायचं ते पावसाच्या सुरुवातीला, आणि पाऊस गेल्यावर मोहोर यायला त्यांना पाण्याचा ताण बसावा लागतो. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताशी स्लरी आहे म्हणून बादल्या ओतल्या तर पालवी फुटेल आणि मोहोर राहील बाजूला. पावसात ओतावी तर उतारावरून वाहून जाते. म्हणजे मोठ्या बागेला आपलं कुजलेलं खतच बरं, स्लरी नवीन लावलेल्या कलमांना उन्हाळ्यात द्या. काजूचंही तेच, शिवाय कातळावर बादल्या कोण चढवणार.

भाताला चिखलणीच्या वेळी स्लरी छान लागू पडते, पाण्याखालच्या चिखलात मिसळला की अमोनिया टिकतो, पण मळा घराखाली असेल आणि पाटाच्या पाण्यात सोडता येत असेल तरच. नाहीतर दिवाळीनंतर पडणारा पातेरा भाजावळीत, म्हणजे रोपाची जागा भाजताना, जाळण्यापेक्षा खड्ड्यात थर लावायचा आणि त्यावर स्लरी सोडत जायची, पातेरा ती शोषून घेतो आणि मेपर्यंत डोक्यावरून नेता येईल असं खत तयार होतं. मला विचाराल तर कोकणात हाच मधला रस्ता सगळ्यात जास्त लोकांना परवडतो. गांडूळखतही चांगलं, पण त्याला छप्पर, सावली, मुंग्यांवर लक्ष, थोड्या जागेतल्या भाजीला ठीक आहे.

आधी तुमच्या वाड्यात, म्हणजे गोठ्यात, शेण किती पडतं ते बघा. आपली गावठी गुरं लहान चणीची, दिवसभर रानात आणि दिवाळीनंतर तर मोकळीच, हाताला लागतं ते फक्त रात्रीचं शेण. रोज ५० किलो हवं तर बांधलेली चार-पाच मोठी जनावरं पाहिजेत, चार गावठी गायींवर ते जमत नाही. बांधलेली मोठी जनावरं दोन-तीनच असतील तर एक घनमीटरचा प्लांट बघा, नाहीतर गायरीच सुधारा: वर पत्रा, कडेने चिऱ्याचा बांध, दर थराला पातेरा आणि वर्षातून दोनदा उपसून अळ्या वेचणं, एवढ्याने पण खतात फरक दिसतो.

आणि प्लांट घ्यायचाच असेल तर अनुदानाचं पंचायत समितीत विचारा आणि जागा स्लरीच्या खड्ड्यावरून ठरवा. चुलीजवळ पाहिजे म्हणून लोक टाकी घराला चिकटवतात, पण गॅस पाईपने जातो, स्लरी माणसाला उचलावी लागते. खड्डा आगराच्या वरच्या अंगाला आला तर पन्हाळीने आपोआप उतरते. विहिरीच्या वरच्या बाजूला मात्र अजिबात नको, जांभ्यातून पाणी सहज झिरपतं. खड्डे दोन ठेवा आणि पावसाआधी दोन्हीवर पत्रे टाका, उघडा खड्डा मिरगाच्या पहिल्या आठवड्यातच भरून वाहायला लागतो.