पर्गोलाभोवतीची सावलीतली बाग : एका रोपवाटिकेच्या कामाविषयी

नागपुरातील त्रिमूर्तीनगरात आमच्या घरामागे १२ बाय १४ फुटांचा लोखंडी पर्गोला, म्हणजे खांबांवरचा उघडा मांडव, उभारल्यावर त्याच्या तीन बाजूंना सावलीत वाढणारी झाडे लावण्याचे काम आम्ही गेल्या वर्षी मार्चमध्ये वर्धा मार्गावरील एका रोपवाटिकेला दिले. माती, झाडे आणि मजुरी मिळून ३८,००० रुपये खर्च आला.

मातीच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुळे आधी तुटतात आणि उरलेली नंतर कुजतात. हे जाणून त्यांच्या माणसांनी वाफे दीड फूट उकरले, तळाशी गिट्टीचा थर दिला, वर काळी माती, रेती आणि कुजलेले शेणखत मिसळून भरले आणि उतार पर्गोलाच्या खांबांपासून दूर काढला. जुलैच्या मुसळधार पावसात मागच्या अंगणात दोन दिवस पाणी साचले होते. आमचे वाफे मात्र तासाभरात निथळले.

झाडांची निवड करताना मात्र सावली म्हणजे गारवा, असे गृहीत धरलेले दिसले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि सावलीतही गरम वारा पाने होरपळवतो. बॉस्टन फर्न, कॅलाथिया आणि पीस लिली यांना ऊन टाळणे पुरेसे नसते, हवेत दमटपणाही लागतो. त्यातही फर्नची रांग त्यांनी पश्चिमेला लावली, जिथे दुपारी तीननंतर तिरपे ऊन छताखालून थेट आत येते. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत फर्नच्या १५ पैकी १४ रोपे वाळली. हमी एकाच महिन्याची होती, असे उत्तर मिळाले आणि पावतीवर तसे लिहिलेलेही होते. परंतु मार्चमध्ये लागवड करण्याऐवजी मृगाच्या पावसाची वाट पाहा, एवढे तरी गिऱ्हाइकाला सांगायला हवे होते. पीस लिलीचे पान चावल्यास तोंडाची आग होते, हेही घरात लहान मूल दिसत असताना कोणी बोलले नाही.

स्नेक प्लांट, झेडझेड आणि रिओ या झाडांनी मात्र दोन्ही उन्हाळे काढले. पश्चिमेच्या खांबांवर मधुमालती चढवण्याची सूचना त्यांच्याच माळ्याने जाता जाता केली होती. दिवाळीपर्यंत तिने ती बाजू झाकली आणि यंदा ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी फक्त नवतपात बांधावी लागली. पुन्हा काम द्यायचे झाल्यास वाफे त्यांच्याकडूनच करून घेईन, झाडांची यादी मात्र त्या माळ्याशी बोलून स्वतः ठरवीन.

वाचलेले पंधरावे फर्न आम्ही जागेअभावी मागच्या खिडकीतल्या कुलरच्या स्टँडखाली सरकवले होते. टाकीतून दिवसभर ठिबकणाऱ्या पाण्यावर ते आता गुडघाभर पसरले आहे.