एका दिवसात दोन अभयारण्ये : बेळगावहून केलेल्या एका सहलीचा हिशेब

बेळगावातील एका प्रवासी संस्थेने काढलेल्या ‘दोन अभयारण्ये, एक धबधबा, एक प्राचीन मंदिर’ या एकदिवसीय सहलीला आम्ही २५ डिसेंबरला सहकुटुंब जाऊन आलो. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आमचा पैशांचा हिशेब अजून मिटलेला नाही. शिवाय माझा आक्षेप आहे तो सहलीच्या आखणीवर, आणि तशीच आखणी इतरही अनेक जण करतात. आम्ही सहा जण होतो : मी, पत्नी, सहावीतली मुलगी, तिसरीतला मुलगा, बहात्तर वर्षांची आई आणि हुबळीहून आलेला मेहुणा. मोठ्यांना माणशी १,९०० रुपये आणि मुलांना त्याच्या निम्मे असा दर होता, आणि त्यात गाडी, नाश्ता, जेवण, वाटाड्या व दूधसागर धबधब्याकडे नेणारी जीप असे सगळे धरलेले होते.

पहाटे साडेपाचला टिळकवाडीतील पहिल्या रेल्वे फाटकाजवळून सुटायची गाडी साडेसहाला सुटली. वडगावच्या एका कुटुंबाला ऐनवेळी घरून घेऊन येण्याचे संस्थेने कबूल केले होते आणि ते कुटुंब अजून आंघोळी उरकत होते. एका तासाचा उशीर तो काय, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटले. पण पुढे दिवसभर याच तासाचे व्याज आम्ही भरत होतो. गाडी स्वच्छ होती आणि चालक शांत होता. नाश्त्याला दिलेले उप्पीट डब्यात थंड झाले असले तरी चांगल्या हाताचे होते.

वाटाड्या खानापुरात गाडीत चढला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडीतली गाणी बंद करायला लावली. हेमाडग्याच्या बाजूच्या एका खेड्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा हा माणूस आमच्याशी मराठीत, वनरक्षकाशी कन्नडमध्ये आणि पुढे गोव्याच्या हद्दीत चहावालीशी कोकणीत इतक्या सहजपणे बोलत होता, की भाषा बदलल्याचे माझ्या मुलाच्या लक्षातही आले नाही. संपूर्ण सहलीत पैसे वसूल झाले असे मी निःशंकपणे म्हणेन ते या एका माणसामुळे.

खानापूरहून शिरोली-हेमाडगामार्गे अनमोडला जाणारा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो. महाराजांच्या काळातल्या भीमगड किल्ल्यावरून नाव पडलेले हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे अरण्य डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. खानापूरच्या पुलावरून आपण मलप्रभा ओलांडतो. ती याच तालुक्यातील कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसाचे पाणी असे दोन समुद्रांना वाटले जाते, हे वाटाड्याने गाडीच्या काचेवर जमलेल्या वाफेत बोटाने दोन रेघा ओढून मुलांना दाखवले. म्हादईच्या पाण्यावरून चाललेल्या भांडणाच्या बातम्या आमच्या घरी रोज वाचल्या जातात, पण ती नदी आपल्या घरापासून इतकी जवळ जन्मते हे मुलीला त्या दिवशी कळले.

जाहिरातीत ‘भीमगड अभयारण्य दर्शन’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात हे दर्शन म्हणजे रस्त्यालगत चाळीस मिनिटांचा थांबा आणि थोडी पायपीट होती, कारण आतल्या भागात जायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती संस्थेने काढलेली नव्हती. हे आधी सांगितले असते तर काही बिघडले नसते. ज्या बारापेडे गुहांसाठी भीमगड जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, त्यांचा तर जाहिरातीत उल्लेखही नाही. तिथे राहणारे रॉटनचे वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्रीय नोंदीत आले आणि पुढे कित्येक दशके ते जगात फक्त याच गुहांमध्ये आढळते असे मानले जात होते. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडले. गुहा बघायला जाता येत नाही हे योग्यच आहे. पण आपल्या तालुक्यातली एवढी मोठी गोष्ट सोडून जाहिरातीवर वाघाचे चित्र का छापावे, हे मला समजलेले नाही.

त्या चित्रामुळे झालेला गोंधळ इथे सविस्तर लिहितो, कारण मुलांना घेऊन जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. मुलगा सकाळपासून वाघ शोधत होता आणि दर वळणावर निराश होत होता. शेवटी आईच त्याला म्हणाली, ‘‘वाघ बघायला एवढ्या लांब कशाला यायचं रे, भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात आहे की.’’ वाटाड्या हसला आणि त्याने फार नेमके उत्तर दिले. या रानात वरचा पाला इतका दाट असतो की खाली ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणून गवत कमी. गवत कमी म्हणून हरणांचे कळप माळावर दिसतात तसे इथे दिसत नाहीत. आणि असलाच गवा किंवा सांबर, तरी वीस पावलांवरच्या झुडपात तो दिसणार नाही. इथले बहुतेक जगणे डोक्याच्या वर, फांद्यांवर चालते, म्हणून जीपमधून समोर बघणाऱ्याला हे रान रिकामे वाटते आणि उभा राहून वर बघणाऱ्याला भरलेले. पुढे पाच मिनिटांत त्याने फांदीच्या टोकाशी बसलेले शेकरू दाखवले. तांबूस शेपूट खाली सोडून ते फळ दोन्ही हातांत फिरवत कुरतडत होते आणि सालीचे तुकडे आमच्या पायांशी पडत होते. त्यानंतर मुलाने वाघाचे नाव काढले नाही.

अनमोड घाट उतरून आपण गोव्यात शिरतो ते थेट भगवान महावीर अभयारण्यातच. मोले येथील राष्ट्रीय उद्यानाचे १०७ चौरस किलोमीटर धरून त्याचे क्षेत्र २४० चौरस किलोमीटर आहे. कुळ्याला आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा होत आले होते आणि नाताळच्या सुटीमुळे दूधसागरच्या जीपसाठी एवढी गर्दी लोटली होती की आमचा नंबर लागण्याची शक्यता नव्हती. संस्थेने आगाऊ नोंदणी केली असेल असा आमचा समज होता, तो खोटा ठरला. ३१० मीटर उंचीचा, चार टप्प्यांत कोसळणारा आणि मधोमध रेल्वेचा पूल असलेला हा धबधबा पाहण्यासाठीच वडगावचे कुटुंब आले होते, त्यामुळे गाडीत चांगलाच वाद झाला. मला स्वतःला फारसे वाईट वाटले नाही, कारण आईला त्या दगडगोट्यांच्या आणि ओढ्यांच्या वाटेवर जीपमध्ये हिंदकळत नेण्याची मला सकाळपासूनच धास्ती होती.

दुपारचे जेवण हमरस्त्यावरील एका हॉटेलात झाले. भात गार, डाळ पातळ, सोलकढी मात्र ताजी होती. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, पत्नी आणि मुलगी आळीपाळीने दाराशी उभ्या राहिल्या. याहून जास्त लिहिण्याजोगे तिथे काही नाही.

धबधबा हुकल्यामुळे हाती आलेले अडीच तास आम्ही तांबडी सुर्ल्याला घालवले, आणि सहलीचा खरा दिवस तिथे सुरू झाला. अभयारण्याच्या पोटात, ओढ्याकाठी, काळ्या बसाल्टमध्ये बांधलेले हे कदंबकालीन महादेवाचे मंदिर लहानसे आहे, पण त्याचे कोरीव काम अजून कमालीचे रेखीव आहे. बसाल्ट हा तिथला दगड नव्हे. तो घाटावरून उतरवला असावा असे मानतात, आणि नुकताच तो घाट गाडीने उतरलेल्या माणसाला या गोष्टीचे वजन जरा जास्त जाणवते. खानापूर तालुक्यातील हलशीची कदंबकालीन मंदिरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना इथे आल्यावर ओळखीच्या घरी आल्यासारखे वाटेल. आई नंदीपाशी बराच वेळ उभी राहिली, कारण त्याला डोके नाही. मग तिने ओढ्याचे पाणी डोळ्यांना लावले आणि ‘‘अगदी आपल्या असोग्यासारखं आहे,’’ असे म्हणून पायरीवर बसली; असोगा म्हणजे खानापूरजवळचे मलप्रभेकाठचे देवस्थान. गाडीतळापासूनची वाट सपाट आणि थोड्या अंतराची असल्यामुळे तिला काठी घेऊन आरामात येता आले, ही वयस्कर माणसे असलेल्या कुटुंबांसाठी महत्त्वाची बाब आहे.

मंदिराजवळच्या रानाच्या कडेने वाटाड्याने आम्हांला अर्धा तास फिरवले. एका झुडपावर तांबड्या मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, घरटे बांधत होत्या. सात-आठ मुंग्यांनी एका पानाची कड तोंडात धरली होती, मागच्या पायांनी दुसरे पान घट्ट पकडले होते, आणि दोन्ही कडा जवळ आल्यावर आणखी एक मुंगी आपली पांढरी अळी तोंडात धरून या कडेवरून त्या कडेला टेकवत होती. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जात होती. सुईही तीच आणि दोराही तोच. मुलगी गुडघ्यांवर हात टेकून इतक्या जवळ वाकली की वाटाड्याने तिची वेणी मागून धरून ठेवली, कारण त्या मुंग्या कडकडून चावतात. पुढे गारंबीच्या वेलीची एक वाळलेली शेंग सापडली, ती उभी धरली तर मुलाच्या खांद्याला लागत होती. ती घरी न्यायची म्हणून त्याने हट्ट धरला. अभयारण्यातून काडीही बाहेर न्यायची नसते असे सांगून वाटाड्याने ती होती तिथेच ठेवायला लावली.

धनेश मात्र दिसला नाही, नुसता ऐकू आला. फांद्यांच्या वरून कोणीतरी मोठा पंखा जोरजोरात हलवत गेल्यासारखा आवाज आला आणि सगळे वर बघेपर्यंत पक्षी निघून गेला होता. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो; म्हणून ढोल्या पडण्याइतकी जुनी झाडे जिथे उरली आहेत तिथेच हा पक्षी टिकतो, असे वाटाड्याने सांगितले. मेहुणा, जो सकाळपासून मोबाईलला रेंज नाही म्हणून कुरकुरत होता, परतीच्या वाटेत प्रत्येक मोठ्या झाडाला ढोली आहे का ते पाहत होता.

कोणाला जायचे असेल तर माझे मत असे, की स्वतःची किंवा भाड्याची गाडी घ्यावी, खानापुरात इंधन भरून घ्यावे, भीमगडच्या आत जायचे असल्यास वनखात्याकडे आधी चौकशी करावी आणि संस्थेऐवजी स्थानिक वाटाड्यावर पैसे खर्च करावेत. दूधसागर आणि तांबडी सुर्ला एकाच दिवसात, लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असताना, करूच नयेत. दूधसागरसाठी सुटीचा दिवस टाळून वेगळी फेरी करावी. पावसाळ्यात हेमाडग्याच्या रस्त्याचा आणि जीपच्या फेऱ्यांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

रात्री साडेनऊला आम्ही टिळकवाडीत उतरलो. दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला आणि पाचपैकी किती गुण देणार असे विचारले. वाटाड्याला पाच आणि आखणीला दोन असे मी सांगितले, तेव्हा तसे वेगवेगळे देता येत नाहीत असे उत्तर मिळाले. न झालेल्या जीपच्या पैशांविषयी विचारले असता ‘‘बघू या की सर,’’ असे ते म्हणाले. त्याला आता अकरा दिवस झाले आहेत.