नेहमी जायचं म्हटलं तर कोणतं संग्रहालय: काळा घोडा की भायखळा?

शाळेच्या सहलीत एकदा आणि पाहुण्यांना दाखवायला एकदा, एवढाच बहुतेक मुंबईकरांचा संग्रहालयाशी संबंध. तुम्ही महिन्याकाठी एक चक्कर मारायची म्हणत असाल, तर कोणाकडे वस्तू जास्त याचा हिशेब सोडा. तासाभरात बाहेर पडलो तरी चुटपुट लागणार नाही असं कोणतं, ते बघा.

काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्यांचं प्रिन्स ऑफ वेल्स, अफाट आहे, आणि अडचण तीच आहे. पायाभरणी १९०५ची, पण पहिल्या महायुद्धात इमारतीचं इस्पितळ झालं, त्यामुळे लोकांना दार उघडलं १९२२ साली. पहिल्या खेपेला माणूस सगळे मजले पालथे घालतो आणि घरी परतल्यावर आठवतो तो फक्त घुमट. शिवाय तिकिटाचे पैसे वसूल करायची आपली खोड! इथे वारंवार जायचं असेल तर सभासदत्वाची चौकशी आधी करा. एकदा तिकिटाचा विचार डोक्यातून गेला की एकच दालन बघून परतायला जीव होतो.

मी ते शिल्पांच्या दालनात शिकले. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या देवळातली ब्रह्मदेवाची शिळा मुळात छताची, मान वर करून बघायची. इथे ती समोर उभी आहे. हे कळायला मला दोन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम खाली वाकून, मान वर करून बघितली, तेव्हा कुठे मांडणीचा अर्थ लागला. (पहारेकरी हसला.) मीरपूरखासच्या स्तूपातला हाती कमळ घेतलेला मातीचा भक्तही तसाच. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून तो इथे आला. घाईत त्याच्यावरून नजर घसरते. पाच मिनिटं थांबलं की तो आपल्यासाठी नाही, समोरच्या कुणासाठी तरी उभा आहे हे जाणवतं. ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी नीतिकथांच्या अकबरकालीन पोथीतली लघुचित्रं तर एका बैठकीत तीनच बघावीत. चौथ्यापासून डोळे नुसते फिरतात.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय याच्या उलट. १८७२ची एकच देखणी वास्तू, हिरवी-सोनेरी, आत शिरताक्षणी निम्मं दिसतं. तासाभरात फेरी पुरी होते, आणि तरी संपत नाही. कारण इथलं सगळं बारीक आहे: मातीची छोटी माणसं, वेगवेगळ्या पगड्यांचे नमुने, जे. जे. कलाशाळेत घडलेली, अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेतलेली भांडी. कलेचं संग्रहालय म्हणावं की जुन्या मुंबईचं, असा वाद घालणारे भेटतात. घालू देत. इथलं खरं आमिष वेगळंच: जितीश कल्लाट, अतुल डोडिया यांच्यासारख्या आजच्या चित्रकारांची कामं याच जुन्या कपाटांच्या सोबतीने मांडली गेली आहेत. ओळखीच्या वस्तूशेजारी अनोळखी काहीतरी आलं की ओळखीचीही वस्तू वेगळी दिसू लागते. एकदाच जाणाऱ्याला ही गंमत कळायची नाही.

बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. घारापुरीला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव पडलं तो हाच.

जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे आणि दर आठवड्याला नवं प्रदर्शन लागतं, मग तिथेच का जाऊ नये? जा की. पण आवडलेलं चित्र पुढच्या महिन्यात तिथे नसतं. शेजारच्या एनजीएमएतही, म्हणजे आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनातही, प्रदर्शनं बदलत राहतात. मला मात्र त्याच वस्तूकडे परत जायचं असतं.

माझा कौल असा: चित्रशिल्पांची आवड आधीपासून असेल, आणि कामाला फोर्टात जात असाल, तर काळा घोडा, जेवणाच्या सुट्टीत एक दालन. नुकती सुरुवात असेल किंवा सोबत पोर असेल तर डोळे मिटून भायखळा. स्टेशनपासून पूर्वेला चालत जाता येतं. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.